बोलता येईल इतकाच वेग: मांडवा ते मालवण, सायकलवरून

अँजिओप्लास्टी होऊन काही महिने झाले की पेशंट पुन्हा तपासायला येतात. रिपोर्ट चांगले असतात, बीपी आटोक्यात असतं, गोळ्या वेळेवर चाललेल्या असतात. सगळं बोलून झाल्यावर, खुर्चीतून उठता उठता ते विचारतात, "डॉक्टर, आता मी कितपत करू?" कधी हा प्रश्न जिन्याबद्दल असतो, कधी गावच्या देवळाच्या पायऱ्यांबद्दल, कधी नातवाला उचलून घेण्याबद्दल. पण त्यामागे खरा प्रश्न दुसराच असतो: मला दम लागला, तर तो साधा दम आहे की पुन्हा 'ते' सुरू झालंय, हे मला कळणार कसं?

हा प्रश्न माझ्या घरातही आहे. तीन वर्षांपूर्वी, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी माझ्या नवऱ्याला हार्ट अटॅक आला. वेळेत अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट बसला, हृदयाची पंपिंग क्षमता चांगली राहिली. कागदावर सगळं छान. प्रत्यक्षात मात्र हा माणूस दुसऱ्या मजल्यावर चढताना मधल्या पायरीवर थांबून स्वतःची नाडी बघायचा. आणि मी, तीस वर्षं इतरांना धीर देणारी डॉक्टर, रात्री त्याच्या श्वासाचा आवाज ऐकत जागी असायची.

गेल्या डिसेंबरात आम्ही दोघांनी मांडवा ते मालवण हा किनाऱ्याचा रस्ता सायकलवरून केला. पाचशे किलोमीटरच्या आसपास अंतर, तेरा दिवस, त्यातले दोन दिवस विश्रांतीचे. हा काही विक्रम नाही. तरुण मुलं हेच अंतर चार-पाच दिवसांत कापतात. पण त्या तेरा दिवसांत वरच्या प्रश्नाचं जे उत्तर आम्हाला मिळालं, ते बऱ्याच वाचकांना उपयोगी पडेल असं वाटतं, म्हणून हा लेख.

आधी तयारी, मग सायकल

सुरुवात सायकलच्या दुकानातून झाली नाही, त्याच्या हृदयरोगतज्ज्ञांच्या खोलीतून झाली. मी त्याची बायको आहे, त्याची डॉक्टर नाही, हे आमच्या घरात पहिल्यापासून ठरलेलं आहे. त्यांनी स्ट्रेस टेस्ट केली, इकोकार्डिओग्राम केला, औषधं पाहिली आणि हिरवा कंदील दाखवला. त्यांची एकच अट होती: निघण्यापूर्वी किमान पाच महिने सराव.

पहिल्या आठवड्यात सपाट रस्त्यावर रोज वीस मिनिटं. मग दर आठवड्याला थोडी थोडी वाढ. तिसऱ्या महिन्यात रविवारी तीस किलोमीटर, पाचव्या महिन्यात शनिवार-रविवार लागोपाठ चाळीस-चाळीस. लागोपाठचे दोन दिवस महत्त्वाचे, कारण एक दिवस ताकद लावणं वेगळं आणि थकलेल्या पायांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा निघणं वेगळं.

या पाच महिन्यांत शरीरात काय बदलतं? नियमित व्यायामानं स्नायू रक्तातला प्राणवायू अधिक चांगल्या रीतीनं वापरायला शिकतात. त्यामुळे तेवढ्याच कामासाठी हृदयाला कमी ठोके द्यावे लागतात आणि रक्तदाबही कमी चढतो. जुलैमध्ये जो उड्डाणपूल चढताना त्याला दोनदा थांबावं लागायचं, तोच पूल नोव्हेंबरमध्ये तो न थांबता चढला. पूल तेवढाच होता, हृदयावरचा भार कमी झाला होता.

घड्याळावर विसंबायचं नाही

आजकाल मनगटावरच्या घड्याळात नाडीचे ठोके दिसतात. २२० मधून वय वजा करायचं, त्याच्या अमुक टक्के ठोके ठेवायचे, हे गणित बऱ्याच जणांना पाठ असतं. नवऱ्याचं वय ५८, म्हणजे गणितानं कमाल ठोके १६२. पण तो मेटोप्रोलॉल घेतो. हे बीटा ब्लॉकर गटातलं औषध हृदयाची गती मुद्दाम रोखून धरतं. कितीही दामटली तरी त्याची नाडी ११० ते ११५ च्या पुढे क्वचितच जाते. म्हणजे घड्याळ 'सगळं आरामात चाललंय' असं सांगत असताना शरीर प्रत्यक्षात पुरतं दमलेलं असू शकतं.

अशा वेळी सगळ्यात सोपी आणि भरवशाची कसोटी म्हणजे बोलणं. व्यायाम करताना पूर्ण वाक्यं बोलता येतात पण गाणं म्हणता येत नाही, तेव्हा व्यायाम मध्यम स्वरूपाचा असतो. दोन-तीन शब्दांनंतर श्वास घ्यावा लागला, तर तो जोरकस व्यायाम झाला. गाणंही म्हणता येत असेल, तर तुम्ही फिरायला आलेला आहात!

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. ठरावीक मर्यादेपर्यंत स्नायूंना लागणारा प्राणवायू पुरत असतो. ती मर्यादा ओलांडली की स्नायूंत तयार होणारं आम्ल रक्तात साचू लागतं. त्याचा समतोल राखताना कार्बन डायऑक्साइड जास्त तयार होतो आणि तो बाहेर टाकायला श्वास भराभर घ्यावा लागतो. बोलायचं म्हणजे तर श्वास सोडण्याचा वेळ लांबवायचा. शरीर ती चैन परवडू देत नाही आणि वाक्य तुटतं. औषधानं नाडी दाबली असली तरी ही तूट लपत नाही.

म्हणून आमचा नियम ठरला. तो पुढे, मी मागे, आणि त्यानं बोलत राहायचं.

प्रत्येक खाडीला एक किल्ला, प्रत्येक खाडीला एक चढ

बोलायला विषय काय? त्याची चिंता नव्हती. नवरा इंजिनिअर असला तरी त्याचा जीव इतिहासात. आणि हा रस्ता म्हणजे त्याच्यासाठी पंगतच.

भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीनं सायकली घेऊन आम्ही मांडव्याला उतरलो. थळच्या किनाऱ्यावरून समुद्रात खांदेरी दिसला. युनेस्कोनं २०२५ मध्ये मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांतले चार याच किनाऱ्यावर आहेत: खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग. पुढे चौल-रेवदंडा. दोन हजार वर्षांचं हे बंदर, आज नारळी-पोफळीच्या बागांत झाकलेलं. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन इथेच उतरला. परत जाताना तो दाभोळहून जहाजात बसला. "म्हणजे आपण त्याच्या येण्यापासून जाण्यापर्यंत सायकल चालवणार," नवरा म्हणाला. वाक्य एका दमात पूर्ण झालं. मी मनात टिकमार्क केली.

कोर्लईच्या किल्ल्याखालच्या गावात पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली बोली आजही घरात बोलली जाते. मुरूडला राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी जंजिरा, आणि त्याला शह द्यायला शिवाजी महाराजांनी उभारलेला पद्मदुर्ग. आगरदांडा ते दिघी फेरीबोट, मग दिवेआगर, श्रीवर्धन. बागमांडला ते वेसवी सावित्री नदी, दाभोळ ते धोपावे वाशिष्ठी, तवसाळ ते जयगड शास्त्री नदी. सागरी महामार्गाचे सगळे पूल अजून झालेले नाहीत, म्हणून प्रत्येक मोठ्या नदीच्या मुखाशी फेरीबोट.

चौथ्या-पाचव्या दिवशी या रस्त्याचं कोडं सुटतं. कोकणचा किनारा सरळ नाही, तो खाड्यांनी चिरलेला आहे. खाडीत गलबतांना आसरा मिळायचा, म्हणून आत बंदर वसलं; बंदराचं रक्षण करायचं, म्हणून खाडीच्या तोंडाशी किल्ला आला. दोन खाड्यांच्या मध्ये मात्र जांभ्या दगडाचा उंच सडा. त्यामुळे रस्ता प्रत्येक गावाशी खाली उतरतो आणि गाव संपलं की पुन्हा सड्यावर चढतो. ज्या खाड्यांनी किल्ले दिले, त्यांनीच चढही दिले. एकही चढ फार लांब नाही, पण तीव्र आहे, आणि दिवसात असे सहा-सात.

हृदयाच्या दृष्टीनं यात एक बारीक मेख आहे. उतारावरून जेट्टीला पोचलो, की फेरीची वाट बघत अर्धा तास बसणं होतं. शरीर थंड पडतं. पलीकडे उतरलं की समोर थेट चढ! थंड शरीरानं एकदम जोर लावणं हृदयविकार असलेल्यांसाठी बरं नव्हे. वॉर्म-अपमुळे हृदयाच्या रक्तवाहिन्यांना रुंदावायला अवधी मिळतो. म्हणून फेरीतून उतरल्यावर पहिली दहा मिनिटं आम्ही सायकली हातात धरून चालायचो. मागून मोटारसायकलवाले हसत जायचे. एका मावशींनी तर धोपाव्याला थांबून विचारलं, "पंक्चर झाली काय हो दोघांची?"

तसंच चढ संपल्यावर एकदम थांबून उभं राहायचं नाही. व्यायामात पायांकडचा रक्तप्रवाह वाढलेला असतो. पाय अचानक थांबले की रक्त तिथेच साचतं, मेंदूकडे कमी जातं आणि चक्कर येते. माथ्यावर पोचल्यावर हळूहळू पाच मिनिटं पाय हलवत राहायचं, मग फोटो.

घाम येतो, पण वाळत नाही

डिसेंबर असला तरी कोकणची हवा दमट. घाम नुसता येऊन उपयोग नाही. तो वाळतो तेव्हा अंग थंड होतं. दमट हवेत तो वाळत नाही, नुसता ओघळतो. पाणी आणि मीठ दोन्ही जातं आणि अंग तापलेलंच राहतं. म्हणून सकाळी साडेसहाला निघायचं, अकरापर्यंत मोठे चढ उरकायचे आणि दुपारी चार तास पाय पसरायचे.

पाण्याबद्दल दोन टोकं दिसतात. काहीजण पीत नाहीत आणि काहीजण ढसाढसा पीत सुटतात. तासन्‌तास घाम गाळून नुसतं पाणीच पीत राहिलं तर रक्तातलं सोडिअम खाली जाऊ शकतं; डोकेदुखी, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं. तहानेप्रमाणे थोडं थोडं प्यावं, सोबत मीठ असलेलं काहीतरी असावं. आमच्याकडे ओआरएसची पाकिटं होती आणि रस्त्यात चवीपुरतं मीठ घातलेलं कोकम सरबत. वय वाढतं तशी तहानेची जाणीव बोथट होते, म्हणून पन्नाशीनंतर लघवीच्या रंगाकडेही लक्ष ठेवावं. गडद पिवळी म्हणजे पाणी कमी पडतंय.

बीपी किंवा हृदयासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि मिठाचं पथ्य असलेल्यांनी हे गणित आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

जयगडचा चढ

गुहागरला एक दिवस आराम करून आठव्या दिवशी आम्ही तवसाळला खाडी ओलांडली. पलीकडे जयगडचा चढ. ठरल्याप्रमाणे दहा मिनिटं चाललो, मग सायकलवर बसलो. नवरा रत्नागिरीच्या थिबा राजाबद्दल सांगत होता. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा. १८८५ मध्ये इंग्रजांनी त्याचं राज्य घेतलं आणि त्याला राणीसह समुद्रापार आणून ठेवलं. "तीस वर्षं इथे काढली त्यांनी," तो सांगत होता, "राजवाडा बांधून झाला १९१० मध्ये, आणि १९१६ मध्ये तर..."

वाक्य तिथेच तुटलं. सायकल थांबली. तो उतरला आणि रस्त्याकडेच्या जांभ्याच्या गडग्याला टेकून बसला.

मी पोचेपर्यंत पंचवीस-तीस पावलं झाली असतील. तेवढ्यात माझ्या डोक्यात सगळं येऊन गेलं: खिशातली सॉर्बिट्रेट, १०८, रत्नागिरीचं जिल्हा रुग्णालय किती लांब. त्यानं माझा चेहरा पाहिला आणि हात वर केला.

"दम आहे," तो म्हणाला. श्वास घेतला. "दुखणं नाही." आणखी एक श्वास. "छातीत काही नाही. जबडा नाही, हात नाही. चढ जास्त आहे, मी जास्त जोर लावला. बस."

मी शेजारी बसले. त्याची नाडी बघायला हात पुढे झाला होता, तो मी त्याच्या पाठीवर ठेवला. दोन-तीन मिनिटांनी श्वास खाली आला आणि त्यानं वाक्य जिथे तुटलं होतं तिथून उचललं, "...१९१६ मध्ये तर राजा गेलाच. राजवाड्यात जेमतेम सहाच वर्षं मिळाली."

उरलेला चढ आम्ही चालत चढलो. तीन वर्षांत पहिल्यांदा त्याला दम लागला होता आणि तो घाबरला नव्हता.

दम आणि दुखणं

हा फरक प्रत्येक हृदयरोग्याला आणि त्याच्या घरच्यांना माहीत हवा.

कष्टाचा साधा दम चढाच्या प्रमाणात असतो, हळूहळू वाढतो आणि थांबल्यावर काही मिनिटांत ओसरतो. छातीत दडपण नसतं.

हृदयाचं दुखणं बऱ्याचदा 'दुखणं' नसतंच. दाब, आवळल्यासारखं, जळजळल्यासारखं वाटतं. ते जबड्यात, खांद्यात, हातात किंवा पाठीत पसरू शकतं. थंड घाम, मळमळ सोबत येऊ शकते. आणि एक लक्षात ठेवा: थांबल्यावर बरं वाटलं म्हणून छातीतलं दडपण माफ होत नाही. श्रमानं येणारं आणि विश्रांतीनं जाणारं दडपण हे तर अंजायनाचं ठरलेलं लक्षण आहे. ते आलं तर त्या दिवशीची सायकल तिथेच संपली, आणि डॉक्टरांकडे जायचं.

स्त्रियांमध्ये, वृद्धांमध्ये आणि मधुमेह्यांमध्ये दडपण न येता नुसता दमही हृदयाचा असू शकतो. तो ओळखायचा कसा? रोजच्या ओळखीच्या चढाला रोजच्यापेक्षा जास्त दम लागला, तर तो संशयास्पद. म्हणूनच पाच महिन्यांचा सराव महत्त्वाचा. त्यात ताकद तर वाढतेच, शिवाय आपला नेहमीचा दम कसा असतो याची ओळख होते. ती ओळख नसेल तर प्रत्येक दम अनोळखी आणि प्रत्येक दम भीतीचा.

सॉर्बिट्रेट दिलेली असेल तर छातीत दडपण येताच खाली बसा, मग एक गोळी जिभेखाली ठेवा. उभ्यानं घेऊ नका, बीपी उतरून पडायला होतं. पाच मिनिटांत दडपण गेलं नाही तर वाट न बघता १०८ ला फोन करा. लैंगिक दुर्बलतेसाठी सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल घेत असाल तर सॉर्बिट्रेटबरोबर ते धोकादायक आहे. डॉक्टरांना न लाजता सांगा.

काही व्यावहारिक गोष्टी

सीटची उंची अशी ठेवा की पॅडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील. सीट फार खाली असेल तर गुडघ्याच्या वाटीवर ताण येतो. हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर होत असेल तर तळव्यातली नस हँडलवर दाबली जातेय. पकड बदलत राहा, पॅड असलेले ग्लोव्ह्ज घाला.

ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना रक्तस्राव लवकर थांबत नाही. त्यांच्यासाठी हेल्मेट ही चर्चेची बाब नाही.

गोळ्या दोन ठिकाणी ठेवा, एक संच त्याच्या बॅगेत आणि एक तुमच्या. आणि जोडीनं जाणार असाल तर वेग नेहमी हळू चालणाऱ्याचा. पुढे जाऊन वाट बघणारा जोडीदार नकळत दुसऱ्याला दामटवतो.

मालवण

तेराव्या दिवशी कुणकेश्वरहून निघून आचऱ्यावरून दुपारी मालवणला पोचलो. समोर कुरटे बेटावर १६६४ मध्ये बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग. जेट्टीवरच्या एका आजोबांनी विचारलं, "खंयसून इलात?" मुंबईहून म्हटल्यावर त्यांनी आधी सायकलींकडे आणि मग आमच्या केसांकडे पाहिलं. सोलकढी आणि तव्यावरची सुरमई खाऊन आम्ही झोपलो ते थेट संध्याकाळी उठलो. दुसऱ्या दिवशी कुडाळहून रेल्वेनं घरी.

हा लेख म्हणजे सरसकट परवानगी समजू नका. ज्यांच्या हृदयाची क्षमता कमी आहे, ज्यांना अलीकडे अटॅक आला आहे किंवा ज्यांच्या स्ट्रेस टेस्टमध्ये दोष आहे, त्यांचं गणित वेगळं असतं आणि ते त्यांच्या डॉक्टरांनीच मांडायला हवं. पण 'कितपत करू?' हा प्रश्न मनात ठेवून खुर्चीत बसून राहिलेल्यांनी तो डॉक्टरांना स्पष्ट विचारावा. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते. त्यासाठी कोकण गाठायची गरज नाही. परवानगी मिळाली की घराजवळच्या सपाट रस्त्यावर वीस मिनिटं चाला, सोबत कुणीतरी घ्या आणि बोलत राहा. वाक्य तुटलं की वेग कमी करा.

मालवणच्या पुढे वेंगुर्ला, रेडी आणि तेरेखोलची खाडी राहिली आहे. नवऱ्यानं नकाशा काढून ठेवलाय. स्ट्रेस टेस्टची तारीख या वेळी त्यानं स्वतःच घेतली.